मोजणीदारांचं नाक

फोटो दक्षिणेच्या भिंतीला टेकवायचा की दक्षिणेकडे तोंड करून ठेवायचा, यावरून सकाळी साडेसातलाच एक खटका उडून गेला. जगन्नाथने दीपाचं कॅम्पिंगचं होकायंत्र मागवलं, फॅमिली रूमच्या मधोमध उभं राहून दिशा बघितली आणि टीव्हीचं कपाट हलवायला लावलं. शोभा सोवळ्यात होती. ओट्यापाशी उभी राहून ती बघत होती आणि मनात म्हणत होती, अहो, मोजणीवाले पणजोबा होते, तुम्ही नाही.

मार्चमधला शनिवार. शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये दोन दिवस बर्फ पडत होतं आणि ड्राइव्हवे आज कोणी साफ केला नव्हता. मामंजींचं, म्हणजे विष्णुपंतांचं, आज वर्षश्राद्ध. खीर झाली होती, वड्यांचं पीठ भिजवलेलं होतं, पिंडांचा भात मुरत होता. गुरुजी मिळाले नव्हते, पण पुण्याच्या गुरुजींनी कॅसेट पाठवली होती. ‘आता अपसव्य करा’, ‘आता पाणी सोडा’ असं सगळं तीत सांगितलेलं. नावांच्या जागी त्यांनी नावंही घालून दिली होती : पिता विष्णू, पितामह गणेश, प्रपितामह त्र्यंबक.

त्या प्रपितामहांचाच हा फोटो. पुण्याचं बिऱ्हाड आवरून सासूबाई गेल्या आठवड्यात परत आल्या, तेव्हा त्यांनी तो दोन लुगड्यांच्या घड्यांत घालून आणला होता. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, पिंगट पडलेला. खाली स्टुडिओच्या नावाची सोनेरी अक्षरं, अर्धी उडालेली. मागे शाईने ‘१८८७’. रंगवलेल्या पडद्यावर खांब, पायऱ्या आणि कधी कोणी न पाहिलेली विलायती झाडं. पुढे त्र्यंबकराव उभे. पगडी, लांब कोट, खांद्यावर उपरणं, पायात बूट. उजवा हात तिपाईवरच्या पितळी दुर्बिणीवर. तीच डोळ्याला लावून सरकारसाठी त्यांनी तालुकेच्या तालुके मोजले आणि घराण्याला आडनाव मिळवून दिलं. पायाशी वेटोळं घातलेली लोखंडी साखळी. चेहरा असा, की स्टुडिओवाल्यालाच आता दटावतील. आणि त्या चेहऱ्यावर ते नाक.

मोजणीदारांचं नाक. मोजणीदारांच्या घरात मूल जन्मलं की आधी नाक बघत, मग मुलगा की मुलगी ते. जगन्नाथने शिकागोच्या मंडळाच्या दिवाळी अंकात पणजोबांवर चार पानं लिहिली होती, त्यातलं एक पान नाकावरच होतं.

शोभाने भाताचं झाकण काढलं आणि जिन्यावर पावलं वाजली. मोहन खाली येत होता. अंगावर कद.

तिच्या हातातलं झाकण तसंच राहिलं. मोहनला कोणी कद नेसायला सांगितलं नव्हतं.

“तू कशाला नेसलास?” जगन्नाथने विचारलं.

“श्राद्धाला सोवळं नेसतात, दादा.”

“जो करतो, तो नेसतो.”

“तेच बोलायचंय. म्हणूनच आलोय जर्सी सिटीहून.”

“श्राद्धाला आलास ना? मग बस, जेव. शोभाने एवढं केलंय.”

“मी जेवायला आलो नाही.” मोहनचा आवाज चढला नव्हता, पण कदाच्या निऱ्या त्याने मुठीत धरल्या होत्या. “तुझं सगळं झालं की एक पिंड मी देणार. एक पिंड आणि ओंजळभर तिळाचं पाणी. बस्स.”

जगन्नाथने टेपरेकॉर्डरची वायर खाली ठेवली. “नाही.”

“का?”

“का म्हणजे? तुला माहीत नाही? मोहन विष्णू मोजणीदार होतास तू सहा वर्षांचा होईपर्यंत. मग नाशिकला दत्तक गेलास आणि मोहन गजानन खांबेटे झालास. गोत्र बदललं. पितर बदलले. तू दिलेलं बाबांना पोचणारच नाही. मी इमोशनल होऊन बोलत नाही, रूल सांगतोय.”

“गेलो नाही, दादा. दिला. सहा वर्षांचं पोर स्वतः जात नसतं कुठे.”

“तेच ते.”

“तेच ते नाही!”

शोभाला पटलं होतं ते जगन्नाथचंच. शास्त्र म्हणजे शास्त्र. आज ह्यासाठी सोडलं तर उद्या कशासाठी धरायचं? पण भाऊजींच्या मुठीतल्या निऱ्या बघून तिने वड्यांची कढई गॅसवरून खाली उतरवली. आता लवकर काही होत नव्हतं.

मोहन सोफ्याच्या कडेला टेकला. समोर दोन फोटो. त्र्यंबकरावांशेजारी विष्णुपंत, रंगीत, चष्मा लावलेले. हाच चष्मा त्याने सहा आठवडे रोज पुसला होता. मागच्या हिवाळ्यात जगन्नाथ ह्यूस्टनच्या कामावर गेला, म्हणून आईवडील जर्सी सिटीला त्याच्याकडे राहायला आले, आणि दहाव्या दिवशी विष्णुपंतांची डावी बाजू गेली. दाढी मोहनने केली. आंघोळ मोहनने घातली. बायको, लता, बँकेतून आली की दोघं मिळून त्यांना कुशीवर वळवत. एकदा नर्सने सहज विचारलं, हा तुमचा मुलगा का? विष्णुपंतांचं अर्धं तोंड चालत नव्हतं. तरी त्यांनी अक्षर अक्षर जुळवून सांगितलं, “फ्रेंड्स सन.”

हे त्याने लतालासुद्धा सांगितलं नव्हतं. आज सांगून टाकलं.

जगन्नाथ म्हणाला, “त्यांचा स्वभावच तसा होता. दिलेला शब्द पाळायचे. तुला दिलं म्हणजे दिलं.”

“आणि शेवटी तू विमानाने आलास, क्रिमेटोरियममध्ये बटण दाबलंस, आणि मी मागे तुझा कोट धरून उभा होतो. कोट! तिथला माणूस म्हणाला, फॅमिलीने पुढे या. तू वळून तरी बघितलंस?”

“मी शुद्धीवर होतो का तेव्हा?”

“कोट माझ्या हातात द्यायची शुद्ध होती.”

“मोहन, तोंड सांभाळ. आज बाबांचं—”

“आज बाबांचं, उद्या पितरांचं, परवा खानदानाचं. माझं कधी रे?”

दीपा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली होती. सोळा वर्षांची होती. तिला मराठी सगळं कळायचं आणि बोलताना निम्मं यायचं. डॅडचा असा आवाज तिने फक्त एकदा ऐकला होता, गाडीला तिने पोचा पाडला तेव्हा. तिच्या मांडीवर कार्डबोर्डचा मोठा तक्ता होता. हिस्टरीच्या क्लाससाठी फॅमिली ट्री करायचा होता. त्र्यंबकरावांचा फोटो बघून काढलेलं छोटं चित्र तिने सगळ्यात वर चिकटवलं होतं. फोटोत त्यांच्या बुटांमागे लोखंडी स्टँडचा पाय दिसतो, तोही काढला होता. मान हलू नये म्हणून तेव्हा मागून चिमट्यात धरत, असं तिला टीचरने सांगितलं होतं.

“मोहनकाका इज राइट,” ती म्हणाली.

“दीपा, गो टु युअर रूम.”

“नो, लिसन, डॅड. यू सेड ब्लड. कालच म्हणालास तू मोहनकाकाला, की तो फोटो आपल्या घरात राहणार, कारण वुई आर हिज ब्लड. पण आपण नाही आहोत.”

“काय नाही आहोत?”

दीपाने तक्ता उलटा करून दाखवला. वर त्र्यंबकराव. खाली तिचे पणजोबा गणेश. मधली रेघ तुटक तुटक. “अडॉप्टेड असेल तर डॉटेड लाइन काढायची, असं टीचरने सांगितलंय. आजीने मला सांगितलं. सर्व्हेअर आजोबांना मुलं झालीच नाहीत. माझ्या पणजोबांना त्यांनी वाईहून आणलं. कुठल्यातरी दुसऱ्या फॅमिलीतून. मग आपलं नाक त्यांचं कसं?”

मोहन हसला. ते हसणं काही चांगलं नव्हतं.

“दादा,” तो म्हणाला, “तुला माहीत होतं?”

जगन्नाथच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “त्यात काय माहीत असायचं? आजोबा दत्तक होते. शास्त्राने दत्तक पुत्र तो पुत्रच. औरस आणि दत्तक यांत फरक नाही.”

“मग मंडळाच्या अंकात अख्खं पान कोणाच्या नाकावर लिहिलंस? वाईच्या कुणा जोशी-कुलकर्ण्याचं नाक आहे ते! त्र्यंबकरावांच्या नाकाशी तुझा संबंध माझ्याइतकाच.”

“नावाशी आहे!”

“नावाशी ना? मग रक्ताबिक्ताचं बोलू नकोस. दत्तकाने माणूस खरा होत असेल तर माझे बाप नाशिकचे गजानन खांबेटे, कबूल. त्यांचं मी सगळं केलं, मनापासून केलं. देवमाणूस होता. पण मग तू रक्ताच्या गमजा मारायच्या नाहीस. आणि रक्त खरं असेल, तर हा फोटो वाईला पाठव आणि मला पाटावर बसू दे. दोन्हीकडून तूच कसा काय बरोबर?”

“इनफ!” जगन्नाथने टेबलावर हात आपटला. दर्भाची जुडी खाली पडली. “इनफ! इंजिनिअर आहेस म्हणून आर्ग्युमेंट जिंकशील रे, पण हे आर्ग्युमेंट नाही. शेवटचे सहा आठवडे तुझे. त्यांचा शेवटचा शब्द तू ऐकलास, वाईट का असेना. शेवटचं पाणी तू पाजलंस. मला काय मिळालं? एअरपोर्ट आणि एक बटण. एवढं एक तरी माझं असू दे ना! हे एक तरी माझं एकट्याचं असू दे!”

त्याचा आवाज फाटला. शोभाने सत्तावीस वर्षांच्या संसारात तो असा फाटलेला ऐकला नव्हता. क्षणभर तिला नवऱ्याची दया आली, आणि लगेच वाटलं, बापाच्या श्राद्धात वाटणी नको म्हणून रडणारा हा पंचावन्न वर्षांचा माणूस सख्ख्या भावाकडे इतकी वर्षं काय म्हणून बघत आला असेल?

“दोघंही गप्प बसा.”

सगळ्यांनी वळून पाहिलं. शरयूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. सकाळची आंघोळ झाल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत त्या रोज मौन पाळत. सासरी आल्यापासूनचा नेम. आजारपणात मोडला नव्हता, विमानात मोडला नव्हता. नैवेद्याला अजून तासभर होता.

“आई, तुमचं मौन...” शोभा म्हणाली.

“मोडलं. देव बघून घेईल.” त्यांनी जपमाळ ओच्यात ठेवली. “मोहन, इकडे ये.”

“काय, काकू?”

“ते आधी बंद कर. काकू म्हणायचं.”

मोहन जागचा हलला नाही. त्याला दुसरं काही म्हणता येईना.

“वैशाखात मी माहेरी गेले होते,” शरयूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. “बेचाळीस साल. वहिनीचं बाळंतपण होतं. सव्वा महिन्याने परत आले तर कोनाड्यात मोहनची पाटी होती, वर बेचा पाढा अर्धा लिहिलेला होता, आणि मोहन नव्हता. विचारलं, तर म्हणाले, खांबेट्यांना शब्द दिला होता. मुहूर्त चांगला होता. मी म्हटलं, मला विचारलं नाहीत? तर म्हणाले, बायकोला विचारावं लागत नाही. बापाने दिलं की झालं. हेच शास्त्र आहे आणि हाच कायदा आहे.” त्यांनी जगन्नाथकडे पाहिलं. “तुझ्यासारखंच बोलायचे. रूल.”

“आई, आजच्या दिवशी बाबांबद्दल—”

“आज नाही तर कधी? ते होते तेव्हा मी बोलले नाही. आठ महिन्यांनी नाशिकला नेलं मला बघायला. हा ओसरीवर आला, कपड्यांना इस्त्री, केसांना तेल. म्हणाला, या काकू, बसा. शिकवून ठेवलं होतं. पोरगं हुशार. एकदाही चुकला नाही.”

मोहनने तोंड फिरवलं.

“घरी आले आणि तूप सोडलं,” शरयूबाई म्हणाल्या.

शोभाने चमकून वर पाहिलं. सासूबाई तूप खात नाहीत हे तिला लग्न झाल्यापासून माहीत होतं. मामंजींना विषमज्वर झाला होता तेव्हा त्यांच्या आयुष्यासाठी सोडलं, असं अख्ख्या नात्यात बोललं जाई. मामंजी स्वतः पाहुण्यांना कौतुकाने सांगत : हिच्या व्रतामुळे मी जिवंत आहे.

“आयुष्यासाठी?” शोभाने विचारलंच.

“विषमज्वर त्याच सुमाराला झाला त्यांना. लोकांनी जुळवलं. मी नाही म्हटलं नाही.” शरयूबाई म्हणाल्या. “रागासाठी सोडलं होतं. माणूस मोठं विसराळू असतं, शोभा. दोन वर्षं गेली की वाटायला लागतं, जाऊ दे, सुखात आहे पोर. तसं वाटू नये म्हणून. रोज दोन वेळा कोरडा भात गिळताना मला आठवण राहावी, म्हणून. त्यांच्या पानात मी वाढायचे चांगला पळीभर, आणि माझ्या पानात नाही. त्रेचाळीस वर्षांत त्यांनी एकदा विचारलं नाही.”

बाहेर शेजाऱ्याचं बर्फ काढायचं यंत्र घरघरत होतं. दीपाने तक्ता मिटून छातीशी धरला होता.

जगन्नाथ खाली वाकला. दर्भ गोळा केले. पाटावर बसला, जानवं उजव्या खांद्यावर घेतलं, आणि कोणाकडेही न बघता टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. खरखर झाली. गुरुजींचा आवाज सुरू झाला, पुण्यातल्या कुठल्यातरी खोलीतला, मागे पंखा फिरत असलेला.

“आता पत्नीने यजमानाच्या हातावर पाणी घालावे.”

जगन्नाथने हात पुढे केला. तळहातावर तीळ.

शोभाच्या हातात पंचपात्री होती. ती त्याच्या उजव्या बाजूला उभी होती. तिने पाणी घातलं नाही.

कॅसेट पुढे गेली. एक मंत्र, दुसरा मंत्र. जगन्नाथचा हात तसाच कोरडा.

“शोभा. पाणी.”

“भाऊजींना बसवा आधी.”

“शोभा!”

“मला शास्त्र कळत नाही. मी स्वयंपाक करते आणि पाणी घालते. त्यातलं पाणी आज घालणार नाही.” पंचपात्री तिने पोटाशी घट्ट धरली होती. “मला दोन मुली झाल्या, एक गेली. तिच्यासाठी कोणी कधी पाटावर बसलं नाही. तेही शास्त्रच होतं. मी तेव्हा काही म्हटलं नाही. आज म्हणते.”

जगन्नाथने बायकोकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. दीपाकडे बघायचं टाळलं. मग बटण दाबून त्याने गुरुजींना शब्दाच्या मध्येच थांबवलं आणि पाटावरून अर्धवट सरकला.

“ये,” तो म्हणाला. “बस. कर, काय करायचंय ते. सगळे मिळून माझं—” पुढचं त्याने गिळलं. “बस.”

मोहन पाटाजवळ आला. गुडघे टेकले. तिळाची वाटी समोर होती, दर्भ होते, भाताचा गोळा केळीच्या पानाऐवजी कागदी प्लेटवर होता. त्याने त्र्यंबकरावांकडे बघितलं, मग चष्म्यातल्या माणसाकडे. मग मान वळवून विचारलं, “आई, देऊ का?”

“मी सांगणार नाही,” शरयूबाई म्हणाल्या. “तुझ्यासाठी ठरवणारे पुष्कळ झाले. तुला द्यावासा वाटला तर दे.”

मोहनने चिमूटभर तीळ उचलले. बोटांत फिरवले. मग एकेक करून परत वाटीत टाकले.

“नाही वाटत,” तो म्हणाला. त्याचं त्यालाच नवल वाटलं असावं. “वर्षभर मला वाटत होतं, ह्यांनी मला मुलगा म्हणावं. मेल्यावर तरी. आता बसलोय आणि वाटत नाही. ज्याने मला दिला त्याला मी काही देणं लागत नाही. आंघोळी घातल्या, त्या पुरे.” तो उठला. “तुझं एकट्याचं आहे, दादा. घे. पण आईचं मी करणार. आत्ताच सांगून ठेवतो, तेव्हा मध्ये कॅसेट आणायची नाही.”

“आईचं? आईचं मी मोठा मुलगा—”

“मी अजून बसलेय ना इथे!” शरयूबाईंनी खुर्चीच्या हातावर चापट मारली. “लाज वाटत नाही? दोघंही माझं सरण रचायला निघालात! माझं शेवटी कोण करणार ते तुमचं तुम्ही बघा, मी काही तेव्हा बघायला येत नाही. जिवंतपणी मला कोण नेतंय ते बोला.”

“मी नेतो,” मोहन म्हणाला.

“कधी?”

“उद्या सकाळचं फ्लाइट आहे माझं. तुझं तिकीट आत्ता फोन करून काढतो.”

“लताला आधी विचार. तिच्या घरात येणार आहे मी. तिला न विचारता यायचं नाही मला.”

“आई,” जगन्नाथ म्हणाला. पाटावर बसलेला तो एकदम लहान दिसायला लागला. “तू जाणार? मी काय केलं? मला बारावं वर्ष होतं तेव्हा. मी काय करणार होतो?”

“बारा वर्षांच्या जगनवर मी कधीच रागावले नाही.” शरयूबाई दोन्ही हातांनी रेटा देत उठल्या. दोन्ही मुलांचे हात पुढे आले. त्यांनी एकाचाही धरला नाही. “पंचावन्न वर्षांच्या जगनवर रागावलेय. राग गेला की येईन. पत्र पाठव.”

त्या खोलीकडे निघाल्या, आणि दारात थांबल्या.

“तू उठू नकोस आता पाटावरून. शोभा, घाल त्याच्या हातावर पाणी.”

“पण आई, तुम्हीच तर...”

“त्यांच्यावर रागावलेय म्हणून त्रेचाळीस वर्षांत मी त्यांना एक दिवस उपाशी ठेवलं नाही. आज कशाला ठेवू? मग कढई परत चढव, तेल गार झालं असेल.”

दार लागलं. आत ट्रंक ओढल्याचा आवाज आला. दीपा उठून आजीच्या मदतीला गेली.

मोहनने कद सोडून शर्ट-पँट चढवली आणि जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. शोभाने पाणी घातलं. जगन्नाथने बटण दाबलं. पंख्याचा आवाज, खरखर, आणि गुरुजी थांबले होते तिथून पुढे सुरू झाले. विष्णू हे नाव आलं तेव्हा मोहनने कान झाकले नाहीत, आणि हातही जोडले नाहीत. जिन्यालगतच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा फोन हात लांब करून त्याने खाली घेतला आणि घरचा नंबर फिरवायला लागला.